भरतपूरचं पाणी, भरतपूरचं धुकं

जानेवारीतली सकाळ, सात वाजून दहा मिनिटं. केवलादेवच्या बांधावर मी कॅमेरा घेऊन उभा होतो आणि समोर काहीही नव्हतं. म्हणजे तळं होतं, बाभळी होत्या, हजारभर बदकं होती आणि त्यांचा कलकलाट कान किटतील इतका होता. पण डोळ्यांना दिसत होती ती फक्त एक पांढरट भिंत. त्या भिंतीतून मध्येच एखादं तलवार बदक निघायचं, डोक्यावरून सूं करत जायचं आणि मी कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत पुन्हा भिंतीत शिरायचं. माझी लेन्स बिचारी फोकस शोधत पुढे-मागे, पुढे-मागे करत राहायची. परेड ग्राउंडवरच्या नव्या रंगरुटासारखी. हुकूम ऐकू आलाय, पण डावा पाय कुठला ते आठवत नाही.

त्या सकाळी मी चारशेच्या वर फोटो काढले आणि घरी येऊन दोन सोडून सगळे पुसून टाकले. त्या दोन फोटोंवर शेवटी येतोच. मध्ये जरा इतिहासातून फिरून येऊ, कारण भरतपूरच्या धुक्यात उडणाऱ्या पक्ष्यावर काहीतरी रोखून उभा राहिलेला मी काही पहिला फौजी नाही.

सध्या पोस्टिंग मथुरेला आहे. भरतपूर तिथून चाळीस किलोमीटरच्या आत. रविवारी पहाटे निघालं की दिवस उजाडायच्या आधी पोचतो, तेही धुक्यानं रस्ता दाखवला तर. उत्तरेत नोकरी केलेल्या मंडळींना हे धुकं सांगायला नको. आपल्याकडे महाबळेश्वरला असतं ते धुकं पाहुण्यासारखं येतं आणि जातं. इथलं धुकं घरजावई असतं. डिसेंबरच्या मध्यावर येतं आणि जानेवारी संपेपर्यंत हलत नाही. गाड्या दहा-दहा तास उशिरा धावतात आणि गाडीच्या बॉनेटपुढे काय आहे ते विचारायची सोय नसते.

खरं तर भरतपूर मी पहिल्यांदा पाहिलं ते असंच, न पाहता. जानेवारी २००२. संसदेवर हल्ला होऊन महिनाही झाला नव्हता, ऑपरेशन पराक्रम सुरू झालं होतं आणि आमची मिलिटरी स्पेशल पूर्वेकडून राजस्थानकडे निघाली होती. मी नुकताच कमिशन मिळालेला लेफ्टनंट. एनडीएची आणि आयएमएची रग अंगात अजून ताजी, आणि युद्ध होणारच अशी मनाची पक्की समजूत. मथुरा सोडल्यावर गाडी सवाई माधोपूरच्या दिशेला लागली आणि भरतपूरच्या अलीकडे आउटर सिग्नलला थांबली. थांबली ती थांबलीच. पहाटेची वेळ, बाहेर हात पुढे केला तर बोटं दिसू नयेत असं धुकं. मी आणि माझ्या प्लाटूनचे एक हवालदार गाड्यांच्या साखळ्या तपासायला खाली उतरलो. हवालदार साताऱ्याकडचे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे.

तेव्हा धुक्यातून आवाज आला. लांबून, पण स्वच्छ. तुतारीसारखा म्हणावं तर तितका जड नाही.

"काय आहे हो ते?" मी विचारलं.

"पाणी हाय साहेब तिकडं कुठंतरी," हवालदार म्हणाले. "मोठी पाखरं हायती."

एवढंच. गाडी हलली, आम्ही चढलो, पुढचे दहा महिने वाळूत काढले. युद्ध काही झालं नाही. त्या आवाजाचा विचार माझ्या मनात पुन्हा यायला वीस वर्षं जावी लागली.

हवालदारांनी पाणी म्हटलं ते अगदी बरोबर होतं. भरतपूरची सगळी गोष्टच पाण्याची आहे. हा प्रदेश म्हणजे बशीसारखा खोलगट. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचं पावसाळी पाणी इथे येऊन पसरायचं. अठराव्या शतकात महाराजा सूरजमलनं अजान बांध घालून ते अडवलं आणि त्या खोलगटात तळं धरलं. पुढचं सगळं त्या पाण्यातून आलं. तळं, तळ्याकाठची घनदाट झाडी, त्या झाडीचं 'घना' हे नाव, झाडीतलं केवलादेव महादेवाचं देऊळ आणि अर्थात पक्षी.

सूरजमल हे नाव मराठी माणसानं आदरानंच घ्यावं. पानिपतच्या आधी सदाशिवरावभाऊंशी त्याचं बिनसलं आणि तो बाजूला झाला, हे आपण शाळेत शिकतो. पण १४ जानेवारी १७६१ नंतर उपाशी, उघड्या, जखमी मराठ्यांचे जथे दक्षिणेकडे परतत होते तेव्हा त्यांना अन्न, कपडे आणि आसरा दिला तो याच जाटांच्या राज्यानं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई इथूनच सुखरूप पुढे गेल्या. ती कडाक्याची थंडी आणि तो जानेवारी महिना. इथलं जानेवारीचं धुकं अंगावर घेतल्याशिवाय त्या परतीची कल्पना येत नाही, एवढं मी नक्की सांगतो.

दुसरा मराठी धागा यशवंतराव होळकरांचा. १८०४ च्या नोव्हेंबरात डीगची लढाई झाली, डिसेंबरात डीगचा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि यशवंतराव भरतपूरच्या राजा रणजितसिंहाच्या आश्रयाला आले. पाठोपाठ जनरल लेक आला. दिल्ली आणि लासवारी जिंकून आलेला सेनापती. त्यानं जानेवारी आणि फेब्रुवारी १८०५ मध्ये भरतपूरच्या मातीच्या तटावर चार वेळा हल्ला चढवला आणि चारही वेळा मार खाल्ला. तीन हजारांहून अधिक माणसं मेली नाही तर जखमी झाली. तोफेचे गोळे मातीच्या जाड तटात रुतून बसायचे, हे कारण सगळीकडे वाचायला मिळतं. पण खरी अडचण खंदकाची होती. खंदकात पाणी किती आणि रुंदी किती, हे लेकला कळतच नव्हतं.

मग त्यानं एक युक्ती केली. देशी घोडदळातला एक हवालदार आणि दोन स्वार यांना गावकऱ्यांचे कपडे घालून किल्ल्याकडे पिटाळलं. मागून इंग्रजांनीच त्यांच्यावर खोटा गोळीबार केला, म्हणजे हे फितूर होऊन पळतायत असं तटावरच्यांना वाटावं. तिघे फिरंग्यांना शिव्या घालत खंदकापर्यंत गेले, दरवाजा कुठे आहे म्हणून तटावरच्यांना विचारलं, विचारता विचारता खंदक आणि खिंडार बघून घेतलं आणि घोडे वळवून गोळ्यांच्या पावसातून परत आले. खंदक फार रुंद नाही, फार खोलही नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांना बक्षीस मिळालं, बढती मिळाली. आणि हल्ल्याच्या दिवशी लेकच्या माणसांनी नेलेला उचलता पूल खंदकावर टाकला तर तो अपुरा पडला. आतल्यांनी पाणी अडवून खंदक फुगवला होता.

मी हा किस्सा ज्युनियर अधिकाऱ्यांना टेहळणीच्या लेक्चरमध्ये सांगतो. त्या तिघांच्या हिमतीबद्दल बोलायची माझी पात्रता नाही. पण घोड्यावरून, घाईत, क्षणभर पाहिलेलं दृश्य म्हणजे माहिती नव्हे. ते त्या क्षणाचं दृश्य. पुढच्या क्षणी पाणी चढलेलं असतं. वीस वर्षांनी लॉर्ड काँबरमियर आला तो हा धडा शिकून आला. त्यानं डिसेंबर १८२५ मध्ये आधी तळ्याचा बांध ताब्यात घेतला, खंदकाचं पाणी तोडलं आणि मग सुरुंग लावून १८ जानेवारी १८२६ ला किल्ला घेतला.

राज्य मांडलिक झालं, तलवारी भिंतीवर टांगल्या गेल्या. पाणी मात्र तिथेच होतं आणि त्यावर दर हिवाळ्यात बदकं उतरतच होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भरतपूरच्या राजांनी हे तळं शिकारीसाठी नीट बांधून घेतलं. बांध घातले, झडपा बसवल्या, बंदूकवाल्यांना उभं राहायला जागा केल्या. आज आपण ज्या सरळ बांधांवरून सायकल रिक्षानं फिरतो आणि फोटो काढतो, ते बांध पक्षी पाहायला बांधलेले नाहीत. ते मारायला बांधले. केवलादेवच्या देवळाजवळ दगडावर कोरलेली यादी आहे. तारीख, पाहुणा, बंदुका किती, पक्षी किती. यादीची सुरुवात १९०२ पासून, लॉर्ड कर्झनच्या वेळेपासून. सर्वांत मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ चा. पाहुणे व्हाइसरॉय लिनलिथगो. पक्षी ४,२७३. एका दिवसात.

माझी पहिली प्रतिक्रिया, खोटं कशाला बोलू, फौजी होती. एवढा दारूगोळा पुरवला कसा? बंदुका तापल्या असतील, भरणारे किती लागले असतील? दुसऱ्या क्षणी मी त्या दगडापासून बाजूला झालो.

राजांचे शिकारीचे हक्क १९७२ पर्यंत चालू होते. १९५६ मध्ये अभयारण्य झालं होतं तरी. मग सालिम अलींच्या आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या कामामुळे या पाण्याचं महत्त्व जगाला कळलं. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९८५ मध्ये जागतिक वारसा. पण १९८२ मध्येच आत गुरं चारायला बंदी आली, आसपासच्या गावांतली माणसं चिडून आली, पोलिसांनी गोळी चालवली आणि गावकरी मेले. त्या नोंदीचा दगड मला कुठे दिसला नाही. पुढे सोसायटीच्याच अभ्यासातून निघालं की म्हशी चरत होत्या म्हणून गवत आटोक्यात राहत होतं. म्हशी गेल्या, गवत माजलं, मोकळं पाणी कमी झालं आणि पक्ष्यांचीच पंचाईत झाली.

आता बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे येऊ. हे अंतर वाटतं तितकं मोठं नाही.

१८८२ साली एत्येन-ज्यूल मारे नावाचा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ इटलीत नेपल्सजवळ खांद्याला बंदूक लावून समुद्रपक्ष्यांवर नेम धरत असे आणि एकही बार काढत नसे. लोकांनी त्याला वेडा ठरवलं नसतं तरच नवल. ती बंदूक म्हणजे कॅमेरा होता. नळीत भिंग, खटक्याच्या वर फिरती काचेची तबकडी. खटका ओढला की सेकंदाला बारा चित्रं, प्रत्येक चित्राला सेकंदाचा ७२० वा भाग. पक्षी पंख वर कसा नेतो आणि खाली कसा आणतो हे माणसाच्या डोळ्याला कधीच दिसलेलं नव्हतं, ते त्या चित्रांत दिसलं. त्याच्या आधी १८७४ मध्ये जान्सेन या खगोलशास्त्रज्ञानं शुक्राचं अधिक्रमण टिपायला असंच फिरत्या तबकडीचं 'रिव्हॉल्व्हर' केलं होतं. म्हणजे बघा, इंग्रजीत फोटो काढण्याला 'शूट' म्हणतात ती नुसती लकब नाही. यंत्रंच त्या घराण्यातली आहेत.

मला मारेची चित्रं आवडतात ती वेगळ्या कारणासाठी. तेव्हाच्या काचेच्या प्लेटला इतक्या कमी वेळात पुरेसा उजेड मिळत नसे. त्यामुळे त्यानं पक्षी उजळ आकाशासमोर धरले आणि ते काळे उमटले. पिसं नाहीत, डोळा नाही, रंग तर नाहीच. फक्त आकार. तरीही उड्डाणाचं शास्त्र त्या काळ्या आकारांतूनच पुढे सरकलं. दोन वर्षांनी, १८८४ मध्ये, ओटोमार अन्शुट्झ या जर्मन छायाचित्रकारानं सेकंदाचा हजारावा भाग वेगाचं शटर वापरून उडणाऱ्या बलाकांचे फोटो काढले. त्यात पिसंन् पिसं होतं. ओटो लिलियेंथालनं ते पाहिले आणि पुढे स्वतः ग्लायडर बांधून उडाला. एक काळा आकार आणि एक स्पष्ट पीस, दोन्हींची आपापली जागा आहे. पण आमच्या छंदात सगळ्यांना अन्शुट्झ व्हायचं असतं. भरतपूरचं धुकं मात्र मारेच्या बाजूनं आहे, हे कळायला मला दोन हिवाळे लागले.

पहिला हिवाळा मी धुक्याशी लढलो. मोठी लेन्स घेतली. (किंमत घरी अजून पूर्ण सांगितलेली नाही.) मोठ्या लेन्सनं धुकं कमी होईल अशी माझी समजूत. होत नाही. लेन्स पक्षी जवळ आणते, मधली हवा काढून टाकत नाही. धुक्याचा हिशेब असा की, पन्नास मीटरवरच्या पक्ष्याचा उठाव निम्मा राहिला असेल तर शंभर मीटरवर तो पाव राहतो आणि दीडशेवर अष्टमांश. म्हणून धुक्यावर खरा उपाय एकच, जवळ जाणं. किंवा तो जवळ येईल अशा जागी आधीच जाऊन गप्प बसणं. फौजेत यालाच अँबुश म्हणतात आणि त्यातला नव्वद टक्के भाग कंटाळ्याचा असतो, तसा इथेही असतो.

मग फिल्टर. पहिल्या महायुद्धात विमानातून खंदकांचे फोटो काढणाऱ्यांना धूसरपणानं हैराण केलं होतं, तेव्हा त्यांनी लेन्सवर पिवळी काच बसवली. कोरड्या दिवसातला बारीक धूसरपणा निळा उजेड जास्त विखुरतो. पिवळी काच तो निळा अडवते आणि जमीन थोडी स्वच्छ दिसते. ही फौजी युक्ती वाचून मी खूष झालो होतो. पण ती नोव्हेंबरातल्या धूसर दुपारी, तीही कृष्णधवल फोटोला उपयोगी. जानेवारीच्या धुक्यातले पाण्याचे थेंब इतके मोठे असतात की ते निळं, पिवळं, तांबडं सगळं सारखंच विखुरतात. म्हणून तर धुकं पांढरं दिसतं. तिथे कुठलीच काच चालत नाही. कोणी विकायला आला तर घेऊ नका.

तिसरी चूक उजेड मोजण्याची. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. त्याला पांढरं धुकं दाखवलं की तो म्हणतो, फार उजेड आहे, कमी करा. मग धुकं होतं गढूळ पाण्यासारखं आणि पक्षी होतो डांबराचा गोळा. त्याच्या मताविरुद्ध एक, कधी दीड स्टॉप उजेड वाढवावा लागतो. हे एकदा पक्कं बसलं की निम्मे फोटो वाचतात. उरलेलं काम फोकसचं. यंत्राला फोकस करायला कडा लागते, काळ्या-पांढऱ्याची सीमा. धुकं नेमकी तीच खातं. मी आता काय करतो, तर पक्षी येईल तेवढ्याच अंतरावरचं बाभळीचं काळं खोड पकडून त्यावर फोकस आधीच लावून ठेवतो आणि त्या पट्ट्यात पक्षी शिरला की बोट दाबतो. तोफखान्यातली मंडळी हसतील. टार्गेट आधीच नोंदवून ठेवणं, दुसरं काय?

नेमाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. फायरिंग रेंजवर आपल्याला शिकवलं जातं की धावत्या टार्गेटवर ते जिथे आहे तिथे नाही, जिथे असेल तिथे नेम धरायचा. उस्तादांनी डोक्यावर टपल्या मारून शिकवलेलं हे 'एम ऑफ' माझ्या खांद्यात इतकं मुरलंय की सुरुवातीला माझ्या प्रत्येक फोटोत पक्ष्याच्या पुढची रिकामी हवा सुरेख यायची. गोळीला पोचायला वेळ लागतो, उजेडाला लागत नाही. पक्षी असेल तिथेच कॅमेरा हवा. पण झोका तोच. पक्ष्याच्या आधी हलायला सुरुवात, बार झाल्यावरही थांबायचं नाही, पाय जमिनीत, कमरेतून वळायचं. त्या बांधावर उभे राहून ४,२७३ पक्षी पाडणाऱ्यांचाही झोका हाच असणार. विचार केला की बोट जरा जड होतं.

आता त्या आवाजाबद्दल.

केवलादेवचा सर्वांत मोठा पाहुणा म्हणजे सैबेरियन क्रौंच. पांढराशुभ्र, पंखांची टोकं काळी, चेहरा लाल. जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरनं त्याचं चित्र काढलं होतं. ते चित्र कोलकात्याच्या इंडियन म्यूझियममध्ये आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी हा पक्षी इथे यायचा आणि एका माणसानं तो नीट पाहिला, याचा तो पुरावा. १९६०च्या दशकात केवलादेवमध्ये दोनशेच्या आसपास क्रौंच यायचे. मग दर हिवाळ्यात आकडा उतरत गेला. ज्या वाटेनं ते सैबेरियातून यायचे त्या वाटेवर अफगाणिस्तान होतं, पाकिस्तान होतं, बंदुका होत्या, आटलेली तळी होती. शेवटी एक जोडी उरली. ती २००१-०२ च्या हिवाळ्यात इथे होती. त्यानंतर भरतपूरला सैबेरियन क्रौंच दिसलेला नाही.

हे मी गेल्या वर्षी उद्यानाच्या माहिती केंद्रातल्या फलकावर वाचलं, आणि तारखेशी अडकलो. जानेवारी २००२.

मी स्वतःला फसवत नाही. त्या पहाटे ऐकलेला आवाज बहुधा सारसाचा असेल. या भागात शेताशेतांत सारस आहेत. क्रौंचाचा आवाज त्या मानानं मऊ आणि सुरेल असतो म्हणतात. वीस वर्षांपूर्वी धुक्यात एकदा ऐकलेल्या आवाजाची साक्ष लेकच्या त्या तीन स्वारांच्या साक्षीहून खालचीच. पण शेवटची जोडी काही किलोमीटरवर पाण्यात उभी होती, आणि मी पाठ करून ट्रकच्या साखळ्या मोजत होतो, एवढं मात्र खरं.

म्हणून या हिवाळ्यात मी सारसाच्या मागे लागलो. जे आहे ते तरी नीट पाहू.

माझा रिक्षावाला साठीतला सरदारजी आहे. हा माणूस धुक्यात पक्षी कानानं ओळखतो. पाण्यातल्या काळ्या ठिपक्यांना मराठीत वारकरी म्हणतात हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो खूष झाला आणि तेव्हापासून "साहब, आपके वारकरी" असंच म्हणतो. त्या सकाळी नऊच्या सुमाराला त्यानं पेडल मारायचं थांबवलं आणि बोट ओठांवर ठेवलं. धुकं वरून विरळ व्हायला लागलं होतं. सूर्य दिसत होता, पण उघड्या डोळ्यांनी बघता येईल असा, पितळी थाळीसारखा. उजव्या हाताच्या दलदलीत काहीतरी उंच उभं होतं.

"जोडा है," तो कुजबुजला. "अभी गर्दन देखो."

सारस उडण्याआधी मान पुढे ताणतो, अंग झुकवतो, धावायची तयारी करतो. ते एवढं मोठं धूड, माणसाच्या उंचीचं. हेलिकॉप्टरसारखं जागेवरून उठत नाही. त्याला धावपट्टी लागते. वारा असला की पक्षी वाऱ्याच्या तोंडाला उठणार हे ठरलेलं आणि आपण वारा पाठीवर घेऊन बसायचं. पण जिथे दाट धुकं तिथे वारा नसतोच, त्यामुळे कुठे जाईल ते देवालाच ठाऊक. मी सूर्याच्या बाजूनंच तोंड करून होतो. नियमानं चूक, पण मागे फिरायला वेळ नव्हता. शटर आठशेवर. सारसाचे पंख सावकाश हलतात, त्याला दोन हजार लागत नाही. उजेड दीड स्टॉप वर. फोकस मधल्या खुंटावर आधीच लावलेला.

ते ओरडले. दोघं एकदम, नर आणि मादी, एकाचा लांब सूर आणि दुसऱ्याचे आखूड तुकडे. छातीत घुमला तो आवाज. मग पाणी तुडवत धावले आणि उठले. आमच्याकडे नाही, आडवे, डावीकडून उजवीकडे, सूर्याच्या थाळीखालून. चार-पाच सेकंद. मी झोका घेतला, बोट दाबून धरलं आणि ते भिंतीत शिरल्यावरही कॅमेरा फिरवतच राहिलो.

"आया?" सरदारजीनं विचारलं.

"पता नहीं," मी म्हणालो.

घरी आल्यावर पाहिलं. दोन फोटो कामाचे. एकात पुढचा सारस पूर्ण काळा, पंख वर गेलेले, बोटांसारखी टोकं वेगळी वेगळी, मानेवर लालसर असल्याचा नुसता भास. मागचा पक्षी म्हणजे करड्या रंगाचा एक पुसट ओरखडा. आमच्या छायाचित्रकार मंडळींच्या ग्रुपवर टाकला असता तर लगेच सल्ले आले असते, धुकं काढायचं बटण ओढा, उठाव वाढवा. मी ते बटण ओढून पाहिलं होतं. पक्षी स्वच्छ झाला आणि सकाळ गेली. परत पूर्वीसारखा केला.

फोटो मी एकाच माणसाला पाठवला. तेव्हाचे हवालदार पुढे सुभेदार होऊन निवृत्त झाले. आता गावी ऊस आणि नातवंडं यांत रमलेले असतात. सोबत लिहिलं, 'भरतपूर. २००२ ची गाडी आठवते का?'

उत्तर रात्री जेवणानंतर आलं. 'साहेब, एकच दिसतंय. दुसरं कुठाय?'

'मागे धुक्यात आहे, नीट बघा.'

बराच वेळ काही नाही. मग आलं, 'दिसलं. त्या दिवशी पण दोनच होती, आवाजावरनं.'